चावी पंपावर ठेवली आहे

सुरत म्हटलं की आपल्या घरांत हमखास दोन विषय निघतात. एक म्हणजे १६६४ आणि १६७० मधल्या महाराजांच्या स्वाऱ्या, आणि दुसरा लग्नाच्या बस्त्यातल्या साड्या. जाऊन आलेली मंडळी लोचो आणि घारीचीही आठवण काढतात. माझी सुरतेशी ओळख झाली ती नकाशावरच्या एका न हलणाऱ्या ठिपक्यामुळे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या कुठे आहेत हे दाखवणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. गेल्या हिवाळ्यात कामासाठी धुळ्यातल्या एका ट्रान्सपोर्टरकडे गेलो होतो. त्यांचा एक ट्रक सुरतेजवळ पलसाण्याला नऊ दिवस उभा होता आणि ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता. "पोरगा गाडी टाकून पळाला. पोलिसांत तक्रार देतो," शेठ म्हणाले. ट्रक आणायला ते त्यांच्या जुन्या ड्रायव्हरला पाठवत होते. सगळे त्यांना नाना म्हणतात. ट्रकमधलं जीपीएस तपासायचं होतंच, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघालो.

दुसऱ्याने सोडलेली गाडी आणणं हे ट्रान्सपोर्टमधलं नेहमीचं काम आहे. जाताना एसटीने जायचं, येताना गाडी घेऊन. नानांच्या पिशवीत दुसरी चावी, शेठचं पत्र, गाडीच्या कागदांच्या झेरॉक्स, पाने, पक्कड आणि टॉर्च होता. "कधी बॅटरी चोरीला जाते, कधी डिझेल, कधी ताडपत्री. टाकी कोरडी पडली असली तर पाइपात हवा धरते, ती काढत बसावं लागतं," त्यांनी वाटेत सांगितलं.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघून तो धुळे, जळगाव, नागपूर करत थेट ओडिशापर्यंत जातो. आम्ही उलट दिशेने चाललो होतो. साक्री सोडलं की कोंडाईबारीचा घाट लागतो, मग विसरवाडी आणि नवापूर. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. पुढे सोनगड, व्यारा आणि १९२८ च्या सत्याग्रहाची बारडोली. बसमध्ये शेवटपर्यंत अहिराणी ऐकू येत होती. उधना, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या भागांत खानदेशातली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांना सुरत म्हणजे परराज्य वाटतच नाही.

पलसाण्याला हा रस्ता दिल्ली-मुंबई-चेन्नई असा जाणारा महामार्ग ४८ ओलांडतो. चौकाच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या कडेला आमचा ट्रक नीट उभा होता. पंपाच्या मॅनेजरने नानांना पाहिलं आणि काही न विचारता खणातून चावी काढून दिली. "पोरगा ठेवून गेला. म्हणाला, धुळ्याहून कोणी येईल."

नानांनी केबिन उघडली. अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं, कागद प्लास्टिकच्या पिशवीत होते. त्यांनी काठी घालून टाकी पाहिली, डिझेल होतं. स्टेपनी, जॅक, ताडपत्री सगळं जागेवर होतं. सीटमागे हिशेबाची वही सापडली. जळगावचे पाइप सचिनच्या गोदामात उतरवायला चार दिवस थांबावं लागलं होतं. पलसाण्यात परतीच्या मालाची वाट पाहण्यात आणखी पाच दिवस गेले. त्यापुढे चहा-जेवणाचा खर्च स्वतःच्या खिशातून लिहिलेला, आणि शेवटी एक ओळ : दोन महिन्यांचा पगार बाकी, चावी पंपावर ठेवली आहे.

मॅनेजर म्हणाला, पोरगा रोज शेठला फोन लावायचा. मग रिचार्ज संपलं आणि एका सकाळी तो बसने गावी निघून गेला.

"भाऊ, पळणारा माणूस चावी देऊन जात नाही," नाना म्हणाले.

बॅटरी उतरली होती. शेजारच्या गाडीवरून केबल लावून त्यांनी सेल्फ मारला. इंजिन सुरू झालं तरी ट्रक लगेच हलत नाही. हवेचा काटा वर चढल्याशिवाय ब्रेक सुटत नाहीत. तेवढ्या वेळात नानांनी २०२० ची गोष्ट सांगितली.

२४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन लागला आणि देशभर हजारो ट्रक जिथल्या तिथे थांबले. २९ मार्चला केंद्राने सगळ्या मालाच्या वाहतुकीला परवानगी दिली. टोल २० एप्रिलपर्यंत बंद होता, ई-वे बिलांची मुदतही वाढवून दिली होती. पण ढाबे आणि गॅरेज बंद होते. महामार्गावरचे ढाबे आणि दुरुस्तीची दुकानं उघडायची सोय १५ एप्रिलच्या आदेशात आली. तोपर्यंत उपाशी राहिलेले अनेक ड्रायव्हर गाडी सोडून घरी गेले होते. १० एप्रिलला सुरतेत यंत्रमागाचे कामगारही घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले होते. त्याच महिन्यात नाना कांद्याच्या गाडीत बसून कडोदऱ्याला आले आणि एकामागून एक तीन ट्रक धुळ्याला घेऊन गेले. "तिन्ही गाड्यांना कुलूप होतं. एकीच्या काचेवर मालकाचा नंबर चिकटवलेला. तेव्हा पोरांना कोणी पळपुटे म्हटलं नाही," ते म्हणाले.

मी मोबाइलवर ट्रकचा जुना प्रवास उघडला. सचिनच्या गोदामाच्या फाटकाशी चार दिवस, मग पलसाणा. वहीतल्या तारखा आणि जीपीएसच्या तारखा तंतोतंत जुळत होत्या. ऑफिसातल्या पडद्यावर एवढंच दिसत होतं : 'थांबलेली', लाल रंगात.

नानांनी शेठला फोन लावला. "शेठ, गाडी धड आहे, डिझेल आहे, एक वस्तू गेलेली नाही. पोरावर केस करू नका. त्याचा पगार आणि थांबल्याचा भत्ता द्या. तारखा हे साहेब सांगतील." फोन माझ्या हातात आला. मी तारखा वाचून दाखवल्या. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग शेठ म्हणाले, "बघू. आधी गाडी आणा."

रात्री दहाला निघालो. नवापूरला चहा घेतला, कोंडाईबारी नानांनी सावकाश चढवली आणि पहाटे ट्रक धुळ्यात लावला.

आठ दिवसांनी नानांचा फोन आला. तक्रार दिली नव्हती. पगार मिळाला, भत्ता अर्धाच दिला. पोरगा आता दुसऱ्या मालकाच्या ट्रकवर आहे, रस्ता तोच, धुळे-हजिरा. "वही मी त्याला परत दिली," नाना म्हणाले. "म्हटलं, लिहीत राहा."