जुनेपणाचा रंग

भांड्यांच्या व्यापारात ज्याचे आयुष्य गेले, त्याला धातूवरचा डाग शत्रूच वाटतो. चिंच, लिंबू आणि राख यांनी तांब्या-पितळेला झळाळी आणणे ही आमच्या घरची पिढीजात विद्या. म्हणून नातवाने आपले कोरे कांस्य-घड्याळ मुद्दाम जुने दिसेल असे करण्याचा घाट घातला, तेव्हा मला नवल वाटले.

कांसे म्हणजे प्रामुख्याने तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. हवा, ओलावा व घाम यांमुळे त्यावर आधी तपकिरी आणि पुढे हिरवट थर चढतो. निसर्गाला यासाठी वर्षे लागतात; नातवाला तो एका रविवारात हवा होता. पुष्कळ जण उकडलेल्या अंड्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने धातू काळवंडवितात. आमच्या घरी तो मार्ग संभवतच नव्हता. त्याने घड्याळाचा पट्टा काढला, चावी घट्ट आवळली, साबणाने तेलकटपणा धुतला. मग मिठाच्या पाण्याचा हलका हात फिरवून, झाकणाच्या डब्यात अमोनियाने भिजविलेल्या कापसाजवळ, पण त्याला स्पर्श होणार नाही असे ते ठेवले. ती वाफ डोळ्यांना व श्वासाला बाधते, म्हणून खिडक्या उघड्या होत्या. काही तासांत कडांवर निळसर-हिरवी छटा उतरली. नंतर मी ते भरपूर पाण्याने धुवायला सांगितले. मिठाचा अंश राहिला तर तो ओलाव्याच्या साह्याने धातूला कुरतडत राहतो.

त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाने आमच्याकडे नव्या कांस्यमूर्ती जुन्या दिसतील अशा करून मागितल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या म्हणून त्या तो पुढे विकणार होता. रक्कम मोठी होती. माझ्या मुलाने नकार दिला. तेव्हा नातवाने विचारले, “आजोबा, मी घड्याळाला केले तेच ना हे?”

प्रश्न रास्त होता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी वजनमापे वापरणे हा त्यांतील एक, आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून देणे हा दुसरा. रासायनिक क्रिया दोन्हीकडे एकच. भेद आहे तो समोरच्याला सांगितलेल्या शब्दात. नातवाच्या घड्याळाने कोणाची फसवणूक होत नाही. विचारणाऱ्याला तो रंग कसा आणला हेही हौसेने सांगतो.

मी त्याला येथील टाऊन हॉल संग्रहालयात नेले. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती त्याला दाखविली. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळाली. तेथेच 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया व दीक्षित यांनी उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी करवीरच्या व्यापाराचे धागे रोमन जगापर्यंत पोहोचले होते, याची ती साक्ष आहे. अशा साक्षीला मोल आहे, कारण ती खरी आहे. बनावट प्राचीन मूर्ती एका गिऱ्हाइकाला तर ठकवितेच, पण खऱ्या साक्षींवरचा विश्वासही डळमळीत करते.

आता आमच्या दुकानात गडद रंगाच्या मूर्ती विक्रीस असतात. गिऱ्हाइकांना तो रंग आवडतो आणि आवडण्यात काही गैर नाही. मात्र प्रत्येक पावतीवर मुलगा स्वतःच्या हाताने लिहितो: ‘नवीन घडण, रंग दिलेला.’ ते वाचून काही जण माघारी जातात. त्यांना आम्ही थांबवीत नाही.