भाकरीच्या मापाचा ओटा

नव्या घराच्या नकाशात सगळ्यात जास्त खाडाखोड झाली ती स्वयंपाकघरात. हॉल, झोपायच्या खोल्या, जिना, गाडीची जागा हे पहिल्याच बैठकीत ठरून गेलं. स्वयंपाकघरापाशी आलो आणि घरातला जो तो बोलायला लागला. आर्किटेक्ट मुलगी हुशार. तिनं आठ बाय दहाची जागा, एल आकाराचा ओटा, वर-खाली कपाटं, कोपऱ्यात फ्रिज असं नीटनेटकं आखून आणलं होतं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा पुसून कागद बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "भाकरी कुठं थापायची?"

मुलीनं ओट्याकडे बोट दाखवलं. आईंनी मान हलवली. तो ओटा उभ्यानं कांदा चिरायचा, कुकर लावायचा होता. धारवाडच्या घरात दोन वेळची भाकरी होते, आणि भाकरीला ओट्याहून वेगळी जागा लागते, वेगळी उंची लागते. त्या दिवसापासून नकाशाचं काम खऱ्या अर्थानं सुरू झालं.

आमचं जुनं घर माळमड्डीतलं, कौलारू. पुढं कट्टा, मधे सोपा, मागं लांबट स्वयंपाकघर आणि त्याला लागून परसात विहीर. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख मुंबई राज्यात होता. शिक्षणाला, नोकरीला, नाटकाला पुण्या-मुंबईशी येणंजाणं होतं. मराठी बोलणारी घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बेंद्रे अशाच मराठी बोलणाऱ्या घरात १८९६ साली धारवाडात जन्मले आणि कन्नडचे मोठे कवी झाले. आमच्या स्वयंपाकघरातही दोन्ही भाषा सुखानं नांदतात. भरल्या वांग्याची एण्णगाई होते, पुरणपोळीशेजारी संक्रांतीला शेंगांची होळगी असते, कारळ्याची, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी तीन बरण्यांत बारा महिने भरलेली असते. मिरची ब्याडगीची. रंगाला गडद, तिखटाला बेताची. ही सगळी मंडळी भाकरीभोवती जमलेली आहेत, म्हणून भाकरीच्या जागेचा प्रश्न आईंना सगळ्यात आधी सुचला.

भाकरी करताना आईंचे हात जवळून पाहावेत. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळं पीठ आपण होऊन एकमेकांना धरत नाही. आधणाचं पाणी घातलं की त्या उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. मग मळायचं ते तळहाताच्या टाचेनं, पूर्ण बळ लावून, गोळ्यावर भेग दिसेनाशी होईपर्यंत. पीठ जुनं असेल तर विरी गेलेली असते. कितीही मळा, थापताना कडा फाटतातच. काटवटीत पीठ भुरभुरून गोळा ठेवला की डावा हात कडेला आधार देत राहतो, उजवा थापत राहतो, आणि भाकरी हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागते. ती फिरली पाहिजे. फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटली. तव्यावर पडल्यावर वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटणं, आणि शेवटी आचेवर फुगून पापुद्रा सुटणं. कडक भाकरी करायची तर ती याहून पातळ थापून मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पार कोरडी करतात. ती टोपलीत दोन-तीन महिने सहज राहते.

आता हेच काम तेहतीस इंची ओट्यावर करून पाहा. आईंची उंची जेमतेम पाच फूट. ओट्यावर काटवट ठेवली की तिचा तळ आणखी वर येतो. खांदे चढतात, कोपर बाहेर फेकलं जातं, मनगट दुमडतं आणि अंगाचं वजन हातावर येतच नाही. उभ्यानं करायच्या कामांचा साधा नियम आहे: बारीक, नजरेचं काम कोपराच्या जवळ, बळ लावायचं काम कोपराच्या चांगलं खाली. आमच्या आज्या हा नियम जमिनीवर बसून पाळायच्या. एक पाय मुडपून, दुसरा लांब करून बसलं की सगळं अंग तळहातावर उतरतं. ओटा आला, पाठ सरळ झाली, चूल पेटवायला वाकणं गेलं. हे फार चांगलं झालं. पण भाकरीचं माप मात्र कुणी घेतलं नाही, आणि कित्येक बायकांचे खांदे त्यात गेले.

ओट्याचं हे एकच माप आलं कुठून ते शोधताना मी फ्रँकफुर्टला जाऊन पोचले, कागदोपत्री. १९२६ साली तिथं महापालिकेच्या घरकुलांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी एक मीटर नव्वद सेंटीमीटर, लांबी साधारण तीन मीटर चाळीस. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा त्यांनी अभ्यास केला होता. बाईची पावलं किती पडतात, वेळ किती जातो हे मोजून प्रत्येक वस्तू हाताशी ठेवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथं बांधली गेली. आज आपल्याकडं दुकानात जे मॉड्युलर किचन दाखवतात त्याचं मूळ तिथलं.

मला त्या बाईंचं मनापासून कौतुक वाटतं. पिठाचे कप्पे त्यांनी ओक लाकडाचे केले, कारण ओकला पिठातली कीड लागत नाही; आपण जोंधळ्यात कडुनिंबाचा पाला घालतो ते याच हिशेबानं. आणि खिडकीशी त्यांनी कामाची फळी ठेवली, तिच्यासमोर वर-खाली होणारं स्टूल. बसून काम करायची सोय शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नकाशात होती! पुढं जगभर नक्कल होताना ओटा आणि कपाटं घेतली गेली, स्टूल राहून गेलं. दुसरी एक गोष्ट मात्र त्या आखणीतच होती: तिथं एकाच बाईनं काम करायचं. दुसरीला उभं राहायला जागा नव्हती. या एकटेपणाबद्दल त्या स्वयंपाकघरावर पुढं बरीच टीका झाली, आणि ती मला पटते.

आमच्याकडं भोगीच्या आधी चार बायका जमल्याशिवाय भागत नाही. तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्यांची चळत घरोघरी पाठवायची असते. एक मळते, दोघी थापतात, एक भाजते. शेजारच्या काकू येतात, आमच्याकडचं संपलं की आम्ही त्यांच्याकडं जातो. भाकऱ्या मोजताना कन्नड, सुखदुःख सांगताना मराठी. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या मुलाची बेंगळुरूची नोकरी सुटली, हे त्या भाजणीच्या वासात बसूनच कळतं. हे दिवस वर्षातून थोडे, हे खरं. पण स्वयंपाकघर रोजच्यापुरतंच बांधलं तर हे दिवस नाहीसे होतात, तयार भाकरीचं पाकीट येतं, आणि का नाहीसे झाले हे कुणाला सांगताही येत नाही.

जुन्या स्वयंपाकघराची आठवण काढून हळहळणारी मी नाही. ते अंधारं होतं. मंगळुरी कौलांत एक काचेचं कौल बसवलेलं, त्यातून उन्हाचा एक तुकडा खाली यायचा आणि तेवढ्यातच धूर दिसायचा. बाकीचा धूर बायकांच्या छातीत. घरातल्या प्रदूषणानं जगभरात २०२० साली बत्तीस लाख माणसं मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बायका-मुलांचं दुखणं किती असेल ते चुलीपुढं बसलेल्यांनाच ठाऊक. नवलगुंदकडं काळ्या रानातल्या आमच्या एका नातेवाइकांकडं तीन भांड्यांची मातीची चूल होती, धुराडं थेट कौलाबाहेर काढलेलं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली खेड्यांच्या तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' नावाचा विभाग निघाला, त्यांनी ती चूल बनवली आणि १९८०च्या दशकात ती कर्नाटकात गावोगाव पोचली. त्या घरातल्या मावशी सांगायच्या, भिंत काळी होत नाही याहून डोळे चुरचुरत नाहीत हे मोठं. म्हणून नव्या घरात उजेड आणि हवा यांच्यावर मी एक इंचही सोडला नाही. चटणीसाठी ब्याडगी भाजली की माळ्यावरचं माणूससुद्धा खोकतं. तेव्हा धुराडं हवंच, आणि त्याच्या जोडीला समोरासमोर दोन खिडक्याही हव्यात.

दिशेवरून वाद झाला नाही. गवंड्यानं, शेजाऱ्यांनी, भटजींनी सगळ्यांनीच आग्नेय कोपरा सांगितला. शास्त्राचं ते शास्त्रानं पाहावं. मला त्यातलं पटलं ते असं की धारवाडला पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, मलनाडाच्या तोंडाशी असल्यामुळं चार महिने पश्चिमेची भिंत ओल धरते. लोणच्याच्या बरणीला बुरा, पापडाला वास, जोंधळ्याला किडे, हे सगळं त्या भिंतीशी. पूर्वेच्या बाजूला सकाळचं ऊन येतं आणि कोठी कोरडी राहते.

आखणीच्या दिवशी मोकळ्या जागेत फक्कीच्या रेघा मारल्या. जुनं घर उतरवून झालेलं, वर नुसतं आभाळ. त्या पांढऱ्या चौकटीत मी उभी राहिले आणि पोटात गोळाच आला. एवढंसं स्वयंपाकघर? हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील असं वाटलं. गवंडी हसला, म्हणाला, "ग्वाडी एद्द म्याल दोड्डद काणतैत्री, वैनी." भिंती उठल्या की मोठं दिसतं. ते खरंच आहे. आभाळाखाली प्रत्येक खोली लहान दिसते. तरीही आई रेघांच्या आत शिरल्या. इथं शेगडी, इथं मोरी, इथं फ्रिज असं म्हणत त्यांनी हवेतच स्वयंपाक केला. भांडं उचललं, वळल्या, धुतलं, पुन्हा वळल्या. मग परसाच्या दारापाशी थांबून म्हणाल्या, "इथं बसणारीचे पाय जाणाऱ्या-येणाऱ्याच्या वाटेत येतात." कागदावर हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दार दीड फूट सरकलं.

मग गवंड्यानं विटा रचल्या, वर फळी टाकली आणि आईंना काटवट घेऊन थापायला लावलं. एक वीट काढ, एक घाल. खांदा खाली उतरला, कोपर अंगाशी आलं, तिथं थांबलो. टेप लावला. सव्वीस इंच. ही उंची अशी निघाली की उभ्यानं थापता येतं आणि स्टूल ओढून बसूनही थापता येतं. खालची जागा मोकळी सोडली, कपाट नाही, म्हणजे गुडघे आत जातात. शेगडीसाठी दगडातच खाच ठेवली, नाहीतर तवा छातीशी आला असता. मुख्य ओटा तेहतीसचाच राहिला. दोन उंच्यांचा ओटा सुताराला अडचणीचा वाटला, कारण तयार खण त्यात बसत नाहीत. अडचण त्याची खरी होती; पण खण एकदाच बसवायचे, भाकरी रोज.

दगडाचं थोडक्यात सांगते. कडप्पा स्वस्त आणि डोळ्याला शांत, पण तो चुनखडीचा दगड; चिंच, लिंबू, कोकम सांडलं की चरतो आणि डाग पडतो. शहाबादीचं तेच. ओट्यावर म्हणून ग्रॅनाइट घेतला. शहाबादी फरशी जमिनीला ठेवली, कारण तिच्यावर उन्हाळ्यात पाय टेकले की जीव थंड होतो आणि खाली बसून शेंगा सोलाव्याशा वाटतात. पाटा-वरवंटा परसाच्या दाराबाहेर, शेडखाली. मिक्सर असला तरी शेंगा चटणीला दगडाचाच कूट लागतो, तेल सुटतं ते त्यातून.

पाण्यावर जास्त विचार करावा लागला. मलप्रभेचं पाणी हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांना येतं. काही वॉर्डांत २००८ साली चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली आणि देशभर तिचं नाव झालं. आमच्याकडं मात्र वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळ, तोही केव्हा तरी पहाटे. असं पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, ही सवय रक्तात भिनलेली. म्हणून जमिनीखाली टाकी, वर टाकी, आणि स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याला वेगळा दगडी कट्टा, हंडा आणि माठ ठेवायला. विहीर बुजवली नाही.

एक गोष्ट आईंनी मागितली नव्हती, मी मागितली. खिडकीशी एक भिंतीतलं बाकडं, एक माणूस आरामात आणि दोन दाटीनं बसतील एवढं. काम न करणाऱ्यासाठी. मुलगा कॉलेजातून येऊन तिथं टेकेल, हे तिथं पेपर वाचतील आणि वाचता वाचता लसूण सोलतील. थापणारीला ऐकायला आणि बोलायला माणूस हवा असतो. तिच्या पाठीमागं बंद दार आणि हॉलमध्ये हसण्याचा आवाज, हे मी खूप घरांत पाहिलं आहे, आणि मला ते आमच्या घरात नको होतं.

घर बांधायला काढणार असाल तर नकाशा मंजुरीला द्यायच्या आधी एक करा. तुमच्या घरात रोज स्वयंपाक जो कुणी करतो त्याला किंवा तिला विटांवर फळी टाकून द्या, हातात काटवट द्या, आणि खांदा जिथं उतरेल तिथं टेप लावा. हे माप कुठल्याही कॅटलॉगात मिळत नाही, आणि ग्रॅनाइट एकदा बसला की ते बदलता येत नाही.