वीजसुद्धा हिशेब मागते!

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. रोजकीर्द, खतावणी आणि महिनाअखेरचा ताळा, एवढेच आमचे जग. घरातला बल्ब बदलायचा म्हटले तरी आम्ही पोराला हाक मारणार. तरीही आज आम्ही विजेवर लिहायला बसलो आहोत. कारण एका वीतभर डब्यापायी आमच्या घरची अब्रू पणाला लागली होती.

आमचा पुतण्या आय.टी.आय. झालेला. मेडशीच्या बसस्टँडवर त्याचे रेडिओ, मिक्सर, मोबाईल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. हुशार पोरगा. विहिरीतले पाणी तळाला गेले की मोटार आपोआप बंद करणारा एक डबा त्याने स्वतः बनविला. आमच्या वाशीम जिल्ह्यात शेताला वीज कधी रात्रीची तर कधी पहाटेची. अशा वेळी बांधावर जागत बसायला नको, हा त्यातला फायदा. सामान घ्यायला त्याने पतसंस्थेतून चाळीस हजार रुपये कर्ज काढले. जामीनदार आम्ही.

२०२३ च्या रब्बीत शेजारच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर पहिला डबा बसला. पंधरा दिवस छान चालला. सोळाव्या रात्री डबा मध्येच गोठला. ना चालू, ना बंद. पाणी संपले तरी मोटार फिरतच राहिली आणि जळाली. गव्हाची एक पाळी चुकली.

सकाळी तो म्हातारा दुकानात आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. एवढेच म्हणाला, "बाबू, तुह्या डब्ब्यानं माही मोटार खाल्ली."

पोराच्या तोंडावर आले होते की, तुमची लाईनच खराब आहे, डब्याचा दोष नाही. आम्ही त्याला डोळ्यांनीच गप्प केले. मोटार भरून देण्याचा खर्च आमच्या पगारातून दोन हप्त्यांत दिला. पण पैशाने मोटार भरली, विश्वास भरला नाही. गावात बोलले जाऊ लागले, "याच्या पोरानं काय मशीन बनवावी?" हे वाक्य आमच्या वस्तीतल्या माणसाला किती खोल लागते, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

पुतण्या रडकुंडीला आला. "काका, टेबलावर तं शंभर वेळा चालते. विहिरीवरच काय होते?"

आम्हाला वीज कळत नव्हती. पण तपासणी कळत होती. आम्ही म्हणालो, "टेबलावर काय होते आणि विहिरीवर काय होते, दोन रकाने पाड." रकाने पाडल्यावर फरक समोर आला. टेबलावर डब्याला साधा बल्ब जोडलेला होता. विहिरीवर मोटारीचा स्टार्टर होता. शिवाय पाण्याची पातळी सांगणारी लांब तार मोटारीच्या केबललाच बांधून खाली सोडलेली होती.

मग आमच्या नात्यातल्या एका पिठाच्या गिरणीत दुपारच्या वेळी थ्री फेजवर प्रयोग सुरू झाला. गिरणीत एक जुना रेडिओ होता. पोराने तो मीडियम वेव्हवर, एकही केंद्र लागत नाही अशा जागी लावून ठेवला. स्टार्टर सुटला की रेडिओत 'खर्र' असा आवाज येई. ज्या वेळी डबा गोठे, त्या प्रत्येक वेळी ही खरखर आधी झालेली असे. चोर सापडला होता.

हा चोर कसा चोरी करतो, ते पुतण्याने आम्हाला समजावले. स्टार्टरच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. वीज वाहत असताना तिच्याभोवती चुंबकशक्ती साठते. वीज एकदम तोडली की ती साठवण कुठे जाणार? तिचा दाब क्षणात कित्येक पट चढतो आणि तुटत्या जोडावर ठिणगी उडते. १८८७ साली जर्मनीत हाइनरिक हर्ट्झ या शास्त्रज्ञाने रेडिओच्या लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या, त्या अशा ठिणगीतूनच. म्हणजे स्टार्टर सुटला की क्षणभर एक लहानसे रेडिओ केंद्रच सुरू होते. डब्याची लांब तार हे त्याचे एरियल. ती खरखर तारेतून आत शिरते आणि डब्यातल्या चिपला खोटा हुकूम देते. याला 'विद्युतचुंबकीय व्यत्यय' म्हणतात.

आम्ही एक वही घातली. नियम एकच ठेवला. एका वेळी एकच बदल करायचा, शंभर वेळा स्टार्टर चालू-बंद करायचा आणि डबा किती वेळा गोठला ते लिहायचे. काहीही न बदलता पहिल्या दिवशी शंभरात तेरा.

पहिला उपाय उगमापाशी. गुंडाळीच्या दोन टोकांवर एक कॅपॅसिटर आणि एक रेझिस्टर, एकामागे एक जोडून बसविले. चढलेला दाब आता ठिणगीऐवजी तिथेच जिरला. शंभरात चार. (इथे एक इशारा. ही गुंडाळी चारशे पंधरा व्होल्टची असेल तर घरगुती दोनशे तीसवाला कॅपॅसिटर चालत नाही, तो फुटू शकतो. आणि लाईन चालू असताना स्टार्टर कोणीही उघडू नये.)

दुसरा उपाय वाटेवर. पातळीच्या जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या दोन्ही तारांना वेणीसारखा पीळ दिला आणि मोटारीच्या केबलपासून हातभर दूर नेले. पीळ दिल्याने एका वेढ्यात शिरलेला त्रास पुढच्या वेढ्यात उलटा होऊन मिटतो. शंभरात एक.

तिसरा उपाय घरात. चिपच्या अगदी पायाशी एक बारीक कॅपॅसिटर लावला आणि खालची परतीची पट्टी रुंद व अखंड केली. शंभरात शून्य. मग पाचशे वेळा केले. तरी शून्य!

इथेच आमची खरी शिकवणी झाली. पुतण्या म्हणाला, "काका, वीज नुसती जात नाही, ती परतही येते. जितकी गेली तितकी आलीच पाहिजे. तुम्ही नीट वाट दिली नाही तं ती दुसऱ्याच्या शेतातून वाट काढते."

आम्ही टुणकन उठून बसलो. अरे, ही तर आमची दुहेरी नोंद! जमेइतके नावे आणि नावेइतके जमा. त्याने फेराइटचे कडे आणले, त्यावर थोडे वेढे देऊन मापकयंत्राला जोडले आणि जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा त्या कड्यातून एकत्र नेल्या. दोन्ही सारख्या असतील तर उत्तर शून्य येते. शून्य आले नाही तर समजावे की काही वीज हिशेबाबाहेरच्या वाटेने फिरते आहे, आणि तीच बहुतेक वेळा खरखर पसरविते. आमच्या कचेरीत ताळा जुळला नाही की आम्ही रात्री बसून शोधतो. विजेचेही तसेच. न जुळलेली रक्कम कुठे तरी असतेच.

पण अर्धी विद्या अजून बाकी होती. पुढच्या वर्षी आम्ही दोघे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन आलो. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे, जी.एम.आर.टी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. २०२० साली ते गेले. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर दूर. तबकडी म्हणजे पत्रा नव्हे, तारेची जाळी. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी ही दुर्बीण ऐकते. त्या इतक्या क्षीण असतात की चंद्रावर एक मोबाईल चालू ठेवला तर तोसुद्धा तिला आकाशातल्या अतिशय प्रखर ताऱ्यासारखा दिसेल. म्हणून आसपास रेडिओचा गोंगाट कमी असलेली ही जागा निवडली. तबकड्यांकडून मध्यवर्ती केंद्राकडे येणारे संदेश काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने येतात, कारण प्रकाशाला स्टार्टरची खरखर चिकटत नाही. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या तिथल्याही शास्त्रज्ञांना छळतात. त्या गाळून टाकण्याची यंत्रणा त्यांनी बसविली आहे.

त्या तबकड्यांखाली उभे असताना पुतण्या हळूच म्हणाला, "काका, आपला डब्बा दुसऱ्याचा त्रास सहन कराले शिकला. पण तो सोता किती त्रास देते, ते आपण पाह्यलंच नाही."

पोर आमच्याही पुढे गेले होते. या शास्त्राला दोन्ही बाजू आहेत. दुसऱ्याच्या गोंगाटात आपण टिकायचे आणि आपला गोंगाट दुसऱ्याला होऊ द्यायचा नाही. यासाठी १९३४ सालीच आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 'समीर' या संस्थेत अशा चाचण्या होतात. मोठे कारखानदार आपला माल तिथे तपासून घेतात. आमच्याकडे तेवढा पैसा नाही, पण गिरणीतला रेडिओ आहे. परत आल्यावर पोराने तो डब्याजवळ नेला. डब्यातला स्वस्तातला ॲडॅप्टर सतत सूं-सूं करीत होता. त्याने तो फेकला, चांगला बसविला आणि डबा पत्र्याचा करून त्याला नीट अर्थिंग दिले.

शेवटचा बदल मात्र आमच्या आग्रहाने झाला. आम्ही विचारले, "एवढे करूनही डबा गोठला तर?" आता चिप गोठली की तिच्यावर नजर ठेवणारे घड्याळ तिला पुन्हा सुरू करते. आणि डबा अगदीच मेला तर मोटार बंद पडते, चालू राहत नाही. चूक होणारच नाही असे म्हणण्यापेक्षा, झालीच तर ती गरिबाच्या मोटारीवर पडू नये, ही व्यवस्था आम्हाला जास्त मोलाची वाटते.

नवा डबा घेऊन आम्ही त्याच म्हाताऱ्याकडे गेलो. वही पुढे ठेवली. त्याला अक्षर वाचता येत नव्हते, आकडे येत होते. तेरा, चार, एक, शून्य यांवरून त्याने बोट फिरविले. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लाव. पण पह्यले आठ दिवस तू बी संगं जागशील."

पोरगा आठही रात्री विहिरीवर जागला. वहिनी डबा पोचवीत होत्या, म्हणजे जेवणाचा! तो हंगाम सरला, मोटार शाबूत राहिली. पतसंस्थेचे हप्ते अजून संपलेले नाहीत, पण एकही चुकलेला नाही. जामीनदार म्हणून आम्ही ते छातीठोकपणे सांगतो.

आयाबायांनो, बंधूंनो, आपली पोरे मोबाईल उघडतात, रेडिओ खोलतात, तेव्हा त्यांच्यावर डाफरू नका. त्यांच्या हातात एक वही द्या आणि एवढेच सांगा, फसलेलेही लिही. आमच्या घरात एवढी विद्या आली ती यशातून नव्हे, त्या पहिल्या पानावरच्या तेराच्या आकड्यातून आली.