काहीच झालं नाही

वाणिज्य शाखेच्या पदवीधराचा तेलाशी संबंध फोडणीपुरता. पण कर्जावर घेतलेली यंत्रं जागेवर आहेत की नाहीत, हे बघायला बँक मलाच पाठवते. कारण माझ्याकडे स्कूटर आहे. असाच एकदा आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात फाइल घेऊन उभा राहिलो.

फाइलीत लिहिलं होतं, 'थर्मिक फ्लुइड हीटर, नग १'. यातलं तेल भज्यांना चालेल का, असं मी विचारलं. ऑपरेटरमामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"सायेब, हे खायचं तेल नोय. भट्टीत तापते, नळीतून फिरते, खायच्या तेलाले ऊब देते अन् माघारी येते."

२५० अंशांवर पाणी उकळू द्यायचं नसेल, तर वातावरणाच्या जवळजवळ ४० पट दाब लागतो. हे तेल तेवढं तापूनही शांत! मला आमचे मॅनेजरसाहेब आठवले. ते चाळीस अंशांवरच उकळतात.

"मग हे बिघडतं कधी?"

"बोंबलत नाई, म्हणून त बिघडते." मामांनी वही उघडली. पंपाच्या सीलमधून गळती नाही ना, वरच्या टाकीत पातळी बरोबर आहे ना, गाळणी साफ आहे ना, तापमापक खरं बोलतो ना. भट्टी विझवली तरी तेल निवेपर्यंत पंप चालू ठेवायचा. नाहीतर नळीत थांबलेलं तेल जळून आतून काजळी धरते. शिवाय वर्षातून एकदा तेलाचा नमुना तपासणीला.

"मालक म्हणते, इतक्या वर्षांत काहीच झालं नाई, मंग खर्च काऊन?" मामा हसले. "काहीच झालं नाई, हेच त माझं काम!"

ते वाक्य मला लागलं. वीस वर्षं रोज कॅश जुळवली, कुणी शाबासकी दिली नाही. एकदा अकरा रुपये कमी भरले, ते अजून सगळ्यांना पाठ आहेत! माझ्या फाइलीत किंमत, घसारा, विमा, सगळ्यांना रकाने. मामांच्या वहीला नाही. शेऱ्याच्या जागेत मी ठळक लिहिलं, 'देखभाल नियमित. खर्च चालू ठेवावा.' सही करण्यापूर्वी मालकांनी ते दोनदा वाचलं.

जिना उतरताना मला धाप लागली. मामा म्हणाले, "सायेब, तुमच्या तेलाचा नमुना कधी देल्ला होता?"

खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती. कोलेस्टेरॉलची. दिवाळीपासून. स्कूटर थेट प्रयोगशाळेकडे वळवली.

"काही खाल्लंय का?" तिथल्या मुलीनं विचारलं.

"दोन कचोऱ्या."

"मग उद्या उपाशी या."

यंत्राचं बरं असतं. ते वाटेत कचोरी खात नाही.