कोरें पान

इंग्रजींत ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. गलबताचा वेग मोजण्यासाठीं खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रांत सोडीत आणि किती दोरी सुटली तें वहींत टिपून ठेवीत. त्यावरून त्या वहीला ‘लॉग-बुक’ हें नांव पडलें. आज मोठ्या कंपन्यांचा जमाखर्च, माल आणि पगार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरांतही अशी एक वही असते. कोणत्या क्षणीं काय घडलें, कोणीं काय बदललें, हें त्या ‘लॉग’मध्यें आपोआप लिहिलें जातें. माझ्यासारख्या जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसास हा विषय कळला तो धाकट्या बंधूंच्या मुलामुळें. तो पुण्यास याच व्यवसायांत आहे.

गेल्या दिवाळींत तो नेकनुरास आला, परंतु त्याचें चित्त फराळांत नव्हतें. एका व्यापारी कंपनीच्या कांहीं बिलांचे आकडे मागाहून बदललेले आढळले होते आणि संशय तेथील एका कारकुनावर आला होता. लॉग उघडून पाहावा, तर नेमकें त्या तीन आठवड्यांचें पान कोरें! “काका, बाकी सारें काम सुरळीत चाललें होतें,” तो म्हणाला, “फक्त लिहिणारा गप्प होता.”

त्यानें शोध क्रमानें घेतला. यंत्रांत जागा शिल्लक होती काय? होती. ठरलेल्या फोल्डरमध्यें लिहिण्याची परवानगी होती काय? तीही होती. मग त्यानें नोंद ठेवणाऱ्या त्या साधनालाच स्वतःची हकीकत सांगावयास लावलें. तशी सोय त्यांत असते. तेव्हां उलगडा झाला. काम नव्या यंत्रावर हलवितांना नोंदींविषयींच्या सूचनांची फाईल जुन्या यंत्रावरच राहिली होती. ‘लॉग-फोर-जे’ हें सर्वत्र रूढ असलेलें साधन सूचना न मिळाल्यास काम थांबवीत नाहीं; तें केवळ चुकांची तेवढी नोंद करतें, आणि तीही पडद्यावर. त्या पडद्यासमोर कोणीच बसलेलें नव्हतें. शिवाय नोंदींना ‘डीबग’, ‘इन्फो’, ‘वॉर्न’, ‘एरर’ अशा चढत्या पायऱ्या असतात. बिल बदलणें ही यंत्राच्या दृष्टीनें चूक नव्हे, यथासांग पार पडलेलें काम. म्हणून तें खालच्या पायरीवरच गळून गेलें. कारण सांपडलें, गेलेल्या नोंदी मात्र सांपडल्या नाहींत.

याज्ञवल्क्यस्मृतींत लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. यांतील एकही नसेल तर उरतें तें दिव्य: तुला, अग्नि, जल, विष इत्यादि. त्या कारकुनाजवळ साक्षी नव्हता आणि लिखित कोरें होतें. त्याला कोणीं दोषी ठरविलें नाहीं. निर्दोषही ठरवितां आलें नाहीं. सहकाऱ्यांच्या नजरांचें दिव्य त्याला सोसवेना आणि त्यानें नोकरी सोडली.

कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरांत प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे व ती सोय बंद करतां येऊं नये, असा नियम आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. तो उचितच आहे. परंतु येथें कोणीं मुद्दाम कांहीं बंद केलें नव्हतें. जें बिघडल्यानें काम अडत नाहीं, तें बिघडलेलें दिसतच नाहीं. म्हणून पुतण्याचा आतां एक नेम आहे: यंत्र हलविलें कीं मुद्दाम एक निरुपद्रवी बदल करावयाचा आणि तो लॉगांत उतरला कीं नाहीं, हें स्वतः पाहावयाचें.

आपल्या एकत्र कुटुंबांतून नोंद मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, अशी समजूत आहे. दागिना कोणाकडे ठेवला, शेताचे पैसे कोणीं आणले, हें लिहावयास वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो. पुढें कधीं गैरसमज झाला, तर त्या नोंदीची सर्वांत अधिक गरज निरपराध माणसालाच पडते. ती त्याच्यासाठींच लिहून ठेवावी, आणि अधूनमधून वही उघडून पाहावी.