घरगुती राहण्याची उत्तम सोय

कोकणात किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात शिरा, समुद्राच्या आधी पाटी भेटते. 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय.' या पाटीतल्या 'सोय' या शब्दाबद्दल माझी काही तक्रार नाही. 'उत्तम'बद्दलही नाही, कारण 'मध्यम सोय' अशी पाटी लावणारा प्रामाणिक मनुष्य अजून जन्माला यायचाय. माझी सगळी अडचण आहे ती 'घरगुती' या शब्दाशी. आपण तिथे पाहुणे असतो की गिऱ्हाईक, हे त्या एका शब्दामुळे कुणालाच कळत नाही. आपल्यालाही नाही आणि घरमालकालाही नाही.

हॉटेलात कसं, सगळं स्वच्छ असतं. म्हणजे खोली नव्हे, व्यवहार. गल्ल्यावरचा मनुष्य आपलं तोंड बघत नाही, आधार कार्ड बघतो. चहा थंड आला तर आवाज चढवण्याचा हक्क भाड्यातच मिळालेला असतो. घरगुती मुक्कामात चहा घेऊन साक्षात काकू येतात. 'साखर बरोबर आहे ना हो?' असं विचारतात. मुंगीसुद्धा दमून बसेल इतकी साखर त्यात असते, आणि आपण मान डोलावून 'अगदी!' म्हणतो. आत्याकडे गेल्यावर म्हणतो तसंच. फरक इतकाच, की आत्या निघताना बिल देत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, सौ. आणि आठवीतले चिरंजीव, दिवेआगरला गेलो. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, ही गोष्ट सगळ्या जगाला विसरता येते, फक्त आमच्या घरच्यांना येत नाही. दुसरा शनिवार, रविवार आणि सोमवारची एक किरकोळ रजा अशी मोळी बांधून आम्ही निघालो. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ सालापासून चालू होतं, ते तेव्हाही चालूच होतं, त्यामुळे माणगावपर्यंतच्या प्रवासाबद्दल न बोललेलं बरं. पुढे म्हसळा, बोर्ली पंचतन, आणि दिवेलागणीला दिवेआगर. घर कौलारू. पुढे ओटी, मागे वाडी, वाडीच्या मागे सुरूचं बन आणि त्याच्या मागे समुद्र. समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता.

काकांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मोदक किती?"

"म्हणजे?"

"उद्या दुपारचे. आत्ता सांगायला हवं. पीठी तेवढीच काढायची."

उद्या दुपारी साडेबारा वाजता आपल्याला किती भूक असेल, हे आदल्या संध्याकाळी सहा वाजता सांगायचं! रिझर्व्ह बँकसुद्धा इतक्या बारीक अंदाजाच्या भानगडीत पडत नाही. मी "पाच-पाच धरा" म्हणालो. सौ.ने माझ्या पोटाकडे एक दृष्टिक्षेप टाकला आणि "ह्यांना चार," अशी दुरुस्ती सुचवली. ती तात्काळ मंजूर झाली. मी ठराव मांडणारा असूनही मला कुणी विचारलं नाही.

घरगुती याचा अर्थ घरातले नियम आपल्यालाही लागू, हा. सकाळी सहाला मागल्या दारी नारळाच्या सोडणांवर बंब पेटतो आणि काकू "पाणी तापलंय" असं पुकारतात. त्या हाकेला जो उठला नाही, त्याच्या नशिबी कोमट पाणी. आधी पोरांच्या आंघोळी, मग बायकांच्या, मग उरलेली जमात. शेजारच्या खोलीत पुण्याचे एक गृहस्थ होते. ते पंचा खांद्यावर टाकून "पैसे तर सगळ्यांचे सारखेच आहेत," असं पुटपुटत होते. पण हे वाक्य काकू लांब विहिरीकडे गेल्यावरच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. हॉटेलात हेच गृहस्थ मॅनेजरला बोलावून घेते.

हवा खारी. कड्याकुलपं गंजलेली, चादरींना कायम थोडा ओलावा, आणि शनिवारी वाळत घातलेला टॉवेल सोमवारीही 'विचार करतो' अशा अवस्थेत. चिरंजिवांच्या मोबाइलला नेटवर्क मिळे ते फक्त विहिरीच्या कठड्यापाशी, त्यामुळे दिवसभर तो विहिरीवर पाणी भरणाऱ्या सुनेसारखा उभा. एका गोष्टीत मात्र सगळे एकमत होते. त्या घरचं जेवण. केळफुलाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी आणि ते मोजून केलेले मोदक. चारानंतर मी पानाकडे बघत राहिलो. काकू पाचवा वाढून म्हणाल्या, "हा मोजलेल्यातला नाही." सौ. काही बोलू शकली नाही. काकूंपुढे कुणाचंच काही चालत नव्हतं.

रविवारी दुपारी मोदकांनी मनुष्य आडवा होतो. आडवं पडल्या पडल्या वाचायला मला ओटीवरच्या खुंटीला सुतळीने टांगलेली अभिप्रायाची वही सापडली. आमच्या शाखेत तक्रार-वही असते, तीही अशीच टांगलेली. फक्त तिचं पेन गेली कित्येक वर्षं जागेवर नाही. खातेवही दिसली की पहिल्या पानापासून वाचायची, ही माझी धंद्याची सवय. पहिली नोंद १९९९ सालची निघाली. त्यालाही कारण आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये या गावातल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. तोपर्यंत दिवेआगरात पाहुणा यायचा तो नात्यातला, आणि फुकट. मग दर्शनाला गाड्या येऊ लागल्या, आणि माणसं दुपारी 'इथं जेवायला कुठे मिळेल?' असं दारात येऊन विचारू लागली. दारात आलेल्याला कोकणातला मनुष्य आधी पाणी देतो, मग बसायला पाट. काही वर्षांनी त्याच्या लक्षात येतं, की आता पाटीही लावायला हरकत नाही.

वहीत दर दुसऱ्या पानावर एकच वाक्य होतं, 'अगदी घरच्यासारखं वाटलं.' त्याच्याखाली लगेच घरात नसलेल्या गोष्टींची यादी. पंखा हळू फिरतो. टीव्ही लहान आहे. एसी असता तर बरं. एका कुटुंबाने लिहिलं होतं, 'रात्री समुद्राचा फार आवाज येतो, काही करता आल्यास पाहावे.' त्याच्यापुढे काकांच्या अक्षरात शेरा होता, 'बरं.' कुणा मुलाने नुसतं कुत्र्याचं चित्र काढलं होतं. माझ्या मते सगळ्या वहीत तेवढाच एक अभिप्राय निव्वळ खरा होता.

मार्च २०१२ नंतरची पानं विरळ झाली होती. त्या महिन्यात देवळावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले आणि गणपती चोरीला गेला. २०२१ साली नवा मुखवटा बसला. पण त्याच्याआधी वहीत आणखी एक खिंडार होतं. मार्च २०२० नंतर नोंदच नाही, आणि तिथून पुढची पानं लाटांसारखी वाकडी झालेली. शाई उतरलेली. मी ती पानं चाळतोय हे काकांनी पाहिलं.

"ते निसर्गचं," ते म्हणाले. एवढ्या भयंकर वादळाला असलं गोड नाव का दिलं असेल, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. "३ जून. दुपारची वेळ. आम्ही दोघं माजघरात बसून होतो. कौलं उडत होती ती मोजत होतो. मग मोजणं सोडलं. वाडीत पोफळी होत्या सव्वाचारशे. संध्याकाळी बाहेर आलो तर उभ्या एकतीस."

"आणि वही?"

"भिजली होती. हिने चुलीशेजारी पापड वाळवतात तशी वाळवली. म्हटलं, अगं वाडी गेली, वही कशाला? तर म्हणे, लोकांनी चांगलं लिहिलंय हो."

पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. काका त्या वर्षी सत्तरीत होते. त्यांनी पुन्हा रोपं लावली. मला ती त्यांनी फिरून दाखवली, प्रत्येकीच्या बुंध्याशी थांबून. तीन वर्षांची होती. आधी वाडीवर घर चालायचं आणि खोलीच्या भाड्यावर लाइटबिल निघायचं. आता सगळं खोल्यांवरच. म्हणून पूर्वी एक खोली देत, ती आता तिन्ही देतात. आम्ही उतरलो होतो ती मुलाची. तो नोकरीला मुंबईकडे. भिंतीवर त्याचं निबंध स्पर्धेचं, दुसऱ्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्रक होतं. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा काका ओटीवरच्या बाकावर मफलर गुंडाळून झोपलेले दिसले, आणि काकू माजघरात, पिठाच्या डब्याशेजारी चटई टाकून. मी पाणी न पिताच परत आलो. तांब्या वाजला असता.

सोमवारी जेवून निघालो. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब आणून दिला. खोली, दोन रात्री, ३०००. ताटं ८, दर २५०, म्हणजे २०००. पाण्याच्या बाटल्या २, ४० रुपये. एकूण ५०४०.

आता, बेरीज बरोबर होती. पण आम्ही तिघं, शनिवार रात्र, रविवारच्या दोन्ही वेळा आणि सोमवार दुपार मिळून बारा ताटं होतात. दुसऱ्याच्या कागदावर चूक दिसली की माझ्या हाताला कंड सुटतो. मी खिशातून पेन काढलं.

"काका, चार ताटं राहिली."

काकांनी आत बघून हाक मारली, "अगं, हे चार ताटं राहिली म्हणतायत."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "रविवारी रात्री पोराने नुसता मऊभात खाल्ला हो. मऊभाताचे कसले पैसे?"

"बरं, एक गेलं. तीन?"

"आजचं. आता निघताना उपाशी कसं पाठवायचं तुम्हाला?"

"मग पाण्याच्या बाटल्या कशा धरल्यात?"

"ते दुकानातून आणलंय," काका म्हणाले. ह्या उत्तरात काय चुकलंय, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. दुकानातलं ते रुपयापर्यंत लावायचं, आणि घरातलं ते घरातलं. कॉमर्स कॉलेजात तीन वर्षं काढून हा नियम मला कुणी शिकवला नव्हता.

मी विहिरीच्या कठड्यावर चढून ६०४० रुपये पाठवले. काकांच्या फोनला ते कळायला त्यांनाही कठड्यावर यावं लागलं. आम्ही दोघं तिथे शेजारी शेजारी फोन वर धरून उभे असताना त्यांनी आकडा वाचला, चष्मा वर केला आणि खाली उतरून काही न बोलता आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. मग काकू एक कापडी पिशवी घेऊन गाडीपाशी आल्या आणि ती त्यांनी सौ.च्या मांडीवर ठेवली. "घरातलं आहे," एवढंच म्हणाल्या. तोपर्यंत आमच्या खोलीतल्या चादरी दोरीवर आल्या होत्या, आणि फाटकातून शिरणाऱ्या एका मोठ्या गाडीकडे बघत काका तोंड उघडून मोदकांचा आकडा विचारायच्या तयारीत होते.

बोर्ली पंचतन सोडल्यावर सौ.ने पिशवी उघडली. दोन नारळ, आमसुलं, मेतकूट, आंबापोळीची मोठी गुंडाळी आणि कागदाच्या पुडीत सुपारी. त्या एकतीस झाडांपैकी कुठलीतरी.

"हे सगळं आपल्याकडे घ्यायला गेलं तर आठ-नऊशेच्या खाली नाही हो," सौ. म्हणाली.

मी स्टिअरिंगवरच मनातल्या मनात जमा-खर्च मांडायला घेतला. नारळ दोन, आमसुलं अंदाजे पाव किलो. पण मागच्या सीटवर चिरंजिवांनी आंबापोळी उघडली होती, आणि त्यातली एक रक्कम म्हसळा यायच्या आतच निकालात निघाली.