लोप

वाशीम येथें आम्हीं तीस वर्षें संस्कृत शिकविलें. निवृत्त होऊन सहा वर्षें लोटलीं. तरी बालाजीच्या देवळाकडे निघालों, कीं वाटेंत लोक आम्हांस 'मास्तर' म्हणूनच हांक मारतात. परवां नातीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरतांना मातेच्या व्यवसायापुढें आम्हीं सहज 'निरंक' असें लिहिलें. सूनबाईंनीं तें वाचलें आणि अर्ज मुकाट्यानें आमच्यापुढें परत ठेवला.

सूनबाई गणिताच्या शिक्षिका. राज्य शासनानें २०१८ सालीं आपल्या महिला कर्मचाऱ्यांस बालसंगोपनासाठीं १८० दिवसांची रजा दिली. परंतु सूनबाईंची शाळा विनाअनुदानित. तेथें अशी रजा नाहीं. तान्ह्या मुलीसाठीं त्यांस नोकरी सोडावी लागली. विद्या कांहीं सुटली नव्हती.

'राजा' ह्या पदांत 'सु' प्रत्यय दिसत नाहीं, कारण त्याचा लोप झालेला असतो. तरीहि त्याचें कार्य राहतें, असें भगवान् पाणिनि सांगतात. म्हणूनच तें पद प्रथमेचें ठरतें. हा नियम आम्हीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतला आणि घरांत मात्र विसरलों!

'निरंक' खोडून आम्हीं तेथें 'शिक्षिका' असें लिहिलें. वाचकांनींहि आपापल्या घरचे अर्ज एकदां पाहावे.